कालनिर्णय बघा, चपला काढा : समुद्रकाठी राहून अंग मोकळं कसं करायचं

सासूबाई 71 वर्षांच्या आहेत. सकाळी माजघरात विळीवर नारळ खोवत बसतात आणि खोवून झालं की खोबऱ्याचं ताट डाव्या हातात तसंच धरून उठतात. एकदा मी नीट बघितलं कशा उठतात ते. विळीवरचा पाय काढून घेतला, उजवी टाच जवळ ओढली, अंग पुढे झुकवलं आणि सरळ उभ्या. जमिनीला हात नाही, गुडघा नाही, ताटातलं खोबरं हललंसुद्धा नाही. त्याच दुपारी मी तसंच उठून बघितलं तर मला एक हात आणि एक गुडघा टेकायला लागला. तेव्हा मी 39 ची होते, डोंबिवलीत रोज ट्रेडमिलवर अर्धा तास पळत होते आणि आपण फिट आहोत असंच धरून चालले होते.

तिथून हे सगळं सुरू झालं. आता आम्ही गावी राहायला येऊन तीन वर्षं होतील, गुहागरच्या बाजूला, आणि ह्या तीन वर्षांत मी आणि आमच्या वाडीतल्या चार-पाच जणींनी जे जे करून बघितलं ते लिहिते. कोकणात राहणाऱ्यांसाठी आहे आणि मे महिन्यात, गणपतीत गावी येणाऱ्यांसाठी पण. मशीन लागत नाही, पैसे लागत नाहीत, पण घाई केली तर दुखापत नक्की होते, म्हणून क्रम सोडू नका.

पहिली गोष्ट, आत्ता आपण कुठे आहोत ते बघा. ब्राझीलमधल्या क्लाउदिओ आराउजो नावाच्या डॉक्टरांची एक साधी टेस्ट आहे, अनवाणी उभं राहायचं, आधार न घेता जमिनीवर बसायचं आणि उठायचं. बसायचे 5 मार्क, उठायचे 5. हात, कोपर, गुडघा, मांडी, काहीही टेकवलं की प्रत्येकी एक मार्क गेला, तोल गेला तर अर्धा. त्यांनी 51 ते 80 वयाच्या 2002 लोकांना हे करायला लावलं आणि पुढे काही वर्षं त्यांची माहिती ठेवली, तर ज्यांना कमी मार्क पडले त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. घाबरायचं कारण नाही, मार्क वाढवता येतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असेल किंवा खूप दुखत असेल तर ही टेस्ट करूच नका, तुमचा रस्ता पाखाडीपासून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेपासून, सुरू होतो, तो पुढे सांगते.

पहिले पंधरा दिवस फक्त एवढंच करा, घरातलं बसणं खाली आणा. चहा खाली बसून, भाजी निवडणं खाली बसून, मोबाईल बघायचाच असेल तर तोही उकिडवं बसून. उकिडवं म्हणजे टाचा जमिनीला टेकलेल्या पाहिजेत. शहरात राहिलेल्यांच्या टाचा टेकत नाहीत, पोटऱ्या आखडलेल्या असतात, मग ओटीच्या खांबाला धरून बसायचं, सुरुवातीला अर्धा मिनिट, उठायचं, परत. टाचेखाली पाट ठेवला तरी चालेल आणि मग हळूहळू पाट काढायचा. मला दोन महिने लागले टाचा टेकायला. आता अंगणातलं तण काढताना वीस-वीस मिनिटं बसते आणि कंबर बोलत नाही.

ह्या अशा व्यायामाच्या मागे एक माणूस आहे, त्याच्याबद्दल थोडं सांगते कारण तो आपल्यासारखाच समुद्राशी जोडलेला होता. जॉर्ज एबेर, फ्रेंच नौदलातला अधिकारी, जन्म 1875 चा. 1902 मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या मार्तिनिक बेटावर ज्वालामुखी फुटला, सेंट पिएर शहर जळून गेलं, 28 हजारांच्या आसपास माणसं मेली, आणि एबेर तिथे माणसं वाचवायच्या कामात होता. कोण पळू शकलं, कोण चढू शकलं, कोण दुसऱ्याला उचलू शकलं, ह्याच्यावर जगणं ठरत होतं. त्याआधी जगभर फिरताना त्याने असे लोक बघितले होते ज्यांना कवायत कोणी शिकवली नव्हती, पण रानात आणि पाण्यात राबून त्यांची अंगं दणकट आणि चपळ झालेली होती. त्यावरून त्याने आपली पद्धत बसवली आणि सगळ्या हालचाली दहा गटांत मांडल्या, चालणं, धावणं, उडी, हातापायांवर चालणं, चढणं, तोल सांभाळणं, फेकणं, उचलणं, स्वतःचा बचाव आणि पोहणं. उपयोगी पडता यावं म्हणून बळकट व्हायचं, हे त्याचं तत्त्व. आजचं पार्कूर, जे पोरं व्हिडिओत बघतात भिंतींवरून उड्या मारताना, त्याचं मूळ पण ह्याच पद्धतीत आहे.

आता हे दहा गट घेऊन आपल्या गावात फिरा. चालायला पुळण (किनाऱ्याची वाळू) आहे, चढायला आंबा आहे, तोलाला गडगा (रचलेल्या दगडांचं कुंपण) आणि साकव (ओढ्यावरचा छोटा पूल), उचलायला चिरे (बांधकामाचे जांभा दगड), ओढायला रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं), पोहायला विहीर. आपल्या आजे-आज्यांना हे सगळं पोटासाठी करावं लागलं, त्यात त्यांची हाडंपण झिजली हे खरं आहे, मी त्या कष्टाचं कौतुक करत नाहीये. पण आपल्याला ते हवं तेवढं आणि हवं तेव्हा करायला मिळतंय, तर मग घ्यायला काय हरकत आहे.

पाय आधी

बूट घालून वाढलेला पाय एकदम अनवाणी वाळूत नेऊ नका. मी तेच केलं. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात कोरड्या वाळूतून चार किलोमीटर पळाले, छान वाटलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी टाच जमिनीवर ठेवता येईना. तीन आठवडे गेले त्यात. कोरड्या वाळूत चालायला कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती लागते, बेल्जियममधल्या संशोधकांनी 1998 मध्ये मोजून दाखवलंय, 2.1 ते 2.7 पट. म्हणजे कोरड्या वाळूतला एक किलोमीटर रस्त्यावरच्या दोनाहून जास्त समजा.

म्हणून असा क्रम ठेवा. पहिला आठवडा अंगणात अनवाणी, रोज दहा-पंधरा मिनिटं, पायाची बोटं पसरून, टाच अलगद ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ओल्या घट्ट वाळूवर चालणं, वीस मिनिटं. मग चालता चालता थोडं धावणं, शंभर पावलं धावायचं आणि तीनशे चालायचं. कोरडी भुसभुशीत वाळू महिन्यानंतर, तीही दहा मिनिटांपासून. आणि अजून एक, पुळण उताराची असते, एका दिशेने गेलात की समुद्राकडचा पाय सारखा खाली पडतो आणि कंबर तिरकी होते, तर जेवढं गेलात तेवढंच त्याच पट्टीवरून परत या म्हणजे दोन्ही पायांना सारखं होतं. ज्यांना डायबेटिस आहे आणि तळव्यांना कळत नाही त्यांनी अनवाणी अजिबात जाऊ नका, शिंपल्याने कापलेलं कळत नाही आणि ते चिघळतं.

कालनिर्णय

भरती-ओहोटीचा हिशोब शहरातून आलेल्यांना माहीत नसतो आणि इथल्या कोळी-भंडाऱ्यांच्या पोरांना पाठ असतो. कालनिर्णयात तिथी बघायची, तिची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्या पंधरा धरायची, म्हणजे सव्वाअकरा. कृष्णपक्षात परत एकपासून मोजायचं. ओहोटी त्याच्या सव्वासहा तास पुढे-मागे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, खाडीच्या आत अजून फरक पडतो, पण पुळणीवर जायला हा हिशोब पुरतो.

आता ह्याचा फायदा बघा. पौर्णिमा आणि अमावास्येला सकाळी पाच-सहाला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांबवर मागे गेलेलं असतं. गुहागरचा किनारा त्या दिवशी मैदानासारखा पडलेला असतो, ओला, सपाट, टणक, वर गारवा. पौर्णिमेपासून तृतीयेपर्यंत आणि अमावास्येपासून तृतीयेपर्यंत, म्हणजे महिन्यातले आठेक दिवस, हे खेळाचे आणि धावायचे दिवस. वाया घालवू नका. सप्तमीपासून एकादशीपर्यंत सकाळी पाणी वर असतं, उरते ती कोरडी पट्टी, तेव्हा डोंगराकडे वळायचं, पाखाडी, सडा (डोंगरावरचं खडकाळ पठार), झाडं. आमचं आठवड्याचं टाइमटेबलच नाही, पंधरवड्याचं आहे, आणि त्यामुळे कंटाळा येत नाही आणि एकाच सांध्यावर सारखा ताणही येत नाही.

आंघोळीसाठी समुद्रात जायचा विचार असेल तर तो वेगळा विषय आहे, शेवटी लिहिते.

पुळणीवर काय करायचं

आधी पाच मिनिटं हातापायांवर. मोठ्या माणसांना लाज वाटते, पण लहान मूल सोबत असलं की कोणी बघत नाही. अस्वलासारखं चालायचं, गुडघे जमिनीपासून वर, दहा-बारा पावलं. मग कुर्लीसारखं (खेकड्यासारखं), पोट वर करून हात मागे टेकून, आडवं आडवं. खांदे, मनगटं, पोट, सगळं एकदम कामाला लागतं, आणि वाळूत पडलं तरी लागत नाही. मनगट दुखत असेल तर मूठ करून टेकवा.

मग लंगडी. लंगडी म्हणजे एका पायावरचा तोल, घोटा, मांडी आणि दम सगळं एकत्र. ओल्या वाळूत टाचेने रेघ मारून चौकोन करा, साधारण दहा पावलांचा, एकाने लंगडी घालून बाकीच्यांना पकडायचं. चाळिशीच्या पुढच्यांनी आधी नुसतं एका पायावर उभं राहून बघा, डोळे उघडे, दहा सेकंद, मग वीस, मग वाळूत जागच्या जागी पाच उड्या, दोन्ही पायांनी सारखं. आमच्या सगळ्या जणींचा डावा पाय कच्चा निघाला, म्हणून आम्ही सुरुवात डाव्यानेच करतो.

पण खरा खेळ म्हणजे आट्यापाट्या. पुस्तकातल्या नियमाने नऊ पाट्या असतात आणि मधून उभी सूरपाटी, एकेका बाजूला नऊ खेळाडू. आपल्याला तेवढी माणसं मिळत नाहीत, तर चार पाट्या काढायच्या, दोन पाट्यांमध्ये दहा-अकरा फूट अंतर, रुंदी वीसेक फूट, प्रत्येक पाटीवर एक जण अडवणारा, तो आपल्या पाटीवरच आडवा पळणार, आणि समोरचे चार जण हुलकावण्या देत पार जाणार आणि परत येणार. हात लागला की बाद. ह्यात काय होतं की सरळ पळायला मिळतच नाही, सगळं आडवं, थांबणं, वळणं, परत झेपावणं, आणि डोकं सारखं चालू. दहा मिनिटांत माणूस घामाघूम. ट्रेडमिलवर मी कधीच आडवी पळाले नव्हते, आणि खऱ्या आयुष्यात माणूस घसरतो, अडखळतो तो आडवाच. पहिले दोन-तीन वेळा अर्ध्या वेगाने खेळा, घोट्यांना सवय होऊ द्या.

लगोरीला जांभ्याच्या चपट्या चिपा किंवा करवंट्या चालतात. रस्सीखेचीला कोणा खलाशाकडचा जुना दोर मागून घ्या. खो-खो तर सगळ्यांना येतोच, उठा-बसायचा सगळ्यात चांगला व्यायाम तो आहे, आणि जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला झालेला पहिला खो-खो वर्ल्ड कप आपल्या मुलांनी आणि मुलींनी दोघांनीही जिंकला, तर आपल्या घरातल्या पोरींना सांगा हे.

पोरं दुपारी घरात मोबाईल धरून बसतात अशी तक्रार सगळे करतात. त्यांना 'जा खेळ' म्हणून जात नाहीत, तुम्ही पण उतरलात तर जातात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की 5 ते 17 वयाच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटं अंग हलवणं पाहिजे आणि मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं, वर दोन दिवस ताकदीचं काम. सकाळी चाळीस मिनिटं पुळणीवर खेळलात तर चार दिवसांत दीडशे होतात, मोजत बसायची पण गरज नाही. दहा हजार स्टेप्सचं जे खूळ आहे ना, तो आकडा 1965 मधल्या एका जपानी पेडोमीटरच्या नावातून आलेला आहे, कोणी डॉक्टरने तपासून ठरवलेला नाही. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने हात वर जात नाहीत आणि उडी मारता येत नाही.

रापण

तारकर्ली, देवबाग, मालवणच्या बाजूला गेलात आणि सकाळी रापण ओढताना दिसली तर बघत उभे राहू नका, विचारा आणि दोराला हात लावा. माझ्या नणंदेचं सासर तिकडचं आहे, तिच्याकडे गेले तेव्हा मी पहिल्यांदा ओढली. होडीतून जाळं अर्धगोल टाकून दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर आणलेले असतात. दोर धरायचा, पाठ समुद्राकडे करायची नाही, समुद्राकडे तोंड करून मागे झुकायचं आणि टाचा वाळूत रुतवत एकेक पाऊल मागे. हाताने ओढायला गेलात तर दोन मिनिटांत गळता, अंगाचं वजन मागे टाकायचं आणि पायांनी ढकलायचं. जो सगळ्यात मागे पोचतो तो दोर सोडून परत पाण्याच्या कडेला जातो आणि पुढून धरतो, असं चक्र चालू. माझ्या शेजारी एक आजोबा होते, त्यांनी माझ्या कोपरावर बोट ठेवून सांगितलं, "हात सरळ ठेव गो, कमरेन ओढ." ते एक वाक्य माझ्या कामी आलं, अजून बादली ओढताना, गोणी सरकवताना तेच करते. शेवटी मूठभर पेडवे मासे वाट्याला आले.

डोंगराकडचे दिवस

पाखाडी म्हणजे आमचा जिना, जांभ्याच्या चिऱ्यांच्या पायऱ्या, उंच-सखल, एकसारखी एकही नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी इथून सुरुवात करा. आधी फक्त चढा आणि उतरताना रस्त्याने या, कारण गुडघ्यावर जास्त ताण उतरताना येतो. चढताना पूर्ण पाऊल पायरीवर, गुडघा बोटांच्या रेषेत, आत पडू द्यायचा नाही. आमची पाखाडी 86 पायऱ्यांची आहे, मी एकदा चढून दम खायला थांबायचे, आता कळशी घेऊन दोनदा चढते. कळशी एकदा डाव्या कडेवर, एकदा उजव्या. एका बाजूला वजन घेऊन सरळ चालणं हा पोटाच्या बाजूच्या स्नायूंचा इतका चांगला व्यायाम आहे की त्यासाठी दुसरं काही करायची गरज नाही. घरात लहान मूल असेल तर पाठुंगळीला घ्या, मूल पण खूश.

तोलासाठी गडगा. आधी जमिनीवर पडलेल्या माडाच्या खोडावरून चाला, नजर पायाकडे नको, खोडाच्या टोकाकडे. मग गुडघ्याएवढ्या उंचीचा, पक्का असलेला गडगा. रचलेला दगड हलतोय का ते आधी हाताने दाबून बघा. साकव पावसाळ्यात बुळबुळीत होतो, तेव्हा त्यावर कसला व्यायाम नाही.

उचलण्यासाठी चिरा. बांधकामाचा उरलेला चिरा सगळ्यांच्या अंगणात असतो, आमच्याकडचा काट्यावर ठेवला तर 32 किलो भरला, हा सुरुवातीला जड आहे, तर तुटलेला अर्धा घ्या. पाय खांद्याएवढे फाकवून चिरा दोन पायांच्या मध्ये, पाठ सरळ, बूड मागे, दगड अंगाला चिकटवून मांड्यांच्या जोरावर उठायचं. पाच वेळा, विश्रांती, परत पाच. आठवड्यातून दोनदा बास. फेकायला असोला (न सोललेला) नारळ घ्या, दोन्ही हातांनी पायांमधून झोका देऊन पुढे फेकायचा, जाऊन उचलायचा, परत फेकायचा.

आणि हे लक्षात ठेवा, रानात किंवा सड्यावर पडलेला कुठलाही दगड थेट हात घालून उचलायचा नाही. जांभ्याच्या दगडाखाली फुरसं (छोटा विषारी साप) असतं. एवढंसं दिसतं, पण विखारी. आधी काठीने दगड आपल्याकडे उलटा, म्हणजे खाली काही असेल तर ते पलीकडच्या बाजूने निघून जाईल आणि मध्ये दगड राहील. चावलंच तर कापणं, चोखणं, घट्ट बांधणं काही करू नका, माणसाला न चालवता सरळ दवाखान्यात न्या जिथे सर्पदंशाची लस आहे, आणि ती कुठे आहे हे आत्ताच विचारून ठेवा.

चढण्याची सुरुवात लोंबकळण्याने करा. आंब्याची हाताला येईल अशी आडवी जाड फांदी बघायची, पाय जमिनीवर टेकलेले ठेवून अर्धं वजन हातांवर टाकायचं, दहा सेकंद. दोन आठवड्यांनी पाय उचलायचे. वीस सेकंद लोंबकळता आलं की मग फांदीवर पाय टाकून बघा. शेवग्यावर कधीही चढू नका, लाकूड ठिसूळ, आणि जांभळीची फांदी पण सांगून मोडत नाही. पानं शिवून केलेलं लाल मुंग्यांचं घरटं आहे का ते वर बघून घ्या. झाडावर तीन आधार कायम पाहिजेत, दोन पाय एक हात किंवा दोन हात एक पाय. पोरांना सूरपारंब्या खेळायला द्या, पण फांदी त्यांच्या डोक्याच्या वर फार नको आणि खाली दगड नकोत. माडावर मात्र शिकल्याशिवाय कोणी चढू नका, पाडेली लोक ते लहानपणापासून करतात. जवळ कुठे मल्लखांब शिकवत असतील तर मुलांना तिथे घाला, चढण्याचं त्याहून चांगलं शिक्षण नाही, दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी तो पुन्हा उभा केला आणि आता मुलीपण दोरीच्या मल्लखांबावर करतात.

बायकांसाठी वेगळं

गावात बाई पुळणीवर धावायला लागली की लोक बघतात. मला पहिल्या महिन्यात दोघांनी विचारलं, काय हरवलंय का. मला फार लागलं होतं ते. उपाय एकच सापडला, एकटीने जायचं नाही. मी शेजारच्या वहिनींना घेतलं, त्यांनी जावेला आणलं, आता आम्ही पाच जणी आहोत, दोघी मॅक्सीवर ओढणी घेऊन येतात आणि लंगडीत मला हरवतात. वेळ नाही हे खरंच आहे, सकाळचा डबा, गुरं, पाणी, म्हणून आम्ही साडेपाच ते सव्वासहा ठरवलंय आणि घरच्यांना स्पष्ट सांगितलंय की ह्या वेळात चहा ज्याचा त्याने करायचा. दिवसभर घरात राबतो मग वेगळा व्यायाम कशाला, असं विचारणाऱ्या बायकांना मी एवढंच सांगते की कामात आपण दिवसभर पुढे वाकतो, मागे कधी झुकतो, हात डोक्यावर कधी जातात, पळतो कधी, हसतो कधी.

ऊन आणि पाणी

मार्च ते मे नवाच्या आत घरी. कोकणातल्या दमट हवेत घाम सुकत नाही आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, घाटावरच्या माणसाला हे कळत नाही. चक्कर, मळमळ वाटली तर थांबा, सावलीत बसा, मिठाचं कोकम सरबत किंवा शहाळं घ्या.

पोहणं आधी विहिरीत किंवा नदीच्या कोंडीत (डोहात) शिका, पोहता येणाऱ्या माणसाच्या देखत. आमच्याकडे पाठीला दोन सुके असोले नारळ बांधून पोरांना शिकवायचे, अजून शिकवतात. विहिरीत पोहता येतं म्हणून समुद्रात पोहता येतं असं नाही. समुद्रात भरती लागत असताना, कमरेएवढ्या पाण्यात, ओहोटी लागली की बाहेर. पाणी आत ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे झटू नका, किनाऱ्याला समांतर पोहत जा आणि ओढ संपली की मग वळा. हरिहरेश्वर, हेदवीसारख्या खडकाळ ठिकाणी पाण्याच्या कडेला उभं पण राहू नका, लाट सांगून येत नाही. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, वाळूवरून घासत न्या, म्हणजे खाली पाकट (शेपटीला विषारी नांगी असलेला चपटा मासा) बसलेलं असेल तर ते आधीच सरकतं. नांगी लागलीच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा आणि डॉक्टरकडे जा.

पावसाळा

जून ते सप्टेंबर समुद्र बंद. पाखाडीवर शेवाळ, तेही बंद, किंवा कोणी घासून चुना मारला असेल तरच. पण भातलावणी असते. ज्यांचं शेत आहे त्यांनी तरव्याला (भाताच्या रोपांच्या कामाला) जा, नसेल तर शेजाऱ्याकडे एक दिवस मदतीला जा, गुडघाभर चिखलातून पाय उपसून काढणं काय असतं ते मांड्यांना कळेल. कमरेतून वाकण्याऐवजी गुडघे थोडे दुमडून बुडातून वाका आणि दर दहा मिनिटांनी उभं राहून मागे झुका. पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका, कोकणात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) होतो, आणि चिखलात काम केल्यावर काही दिवसांत ताप, अंगदुखी, डोळे लाल असं झालं तर शेतात होतो हे डॉक्टरांना सांगा.

घरात अडकलेल्या दिवसांत पडवीत फुगडी. श्रावणात मंगळागौरीला एकदा घालून सोडून देतो आपण, खरं तर चारही महिने घालण्यासारखी आहे. हात एकमेकींत अडकवताना बोटं नाही धरायची, मनगटं धरायची. पावलं जवळ जवळ, चवडे मध्यभागी, आणि दोघींनी सारखं मागे झुकायचं, एकीने कमी झुकून चालत नाही. नजर समोरच्या बाईच्या कपाळावर ठेवली की गरगरत नाही. सुरुवातीला दहा फेरे, मग हळू होत होत थांबायचं, झटक्यात हात सोडायचा नाही, आणि थांबल्यावर लगेच दहा फेरे उलट्या बाजूने. बीपीवाल्यांनी आणि ज्यांना चक्कर येते त्यांनी बसफुगडी घालावी, उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकत, ती मांड्यांना उभ्या फुगडीपेक्षा जड जाते. फरशी ओली असेल तर गोणपाट अंथरू नका, ते सरकतं, फरशी कोरडी पुसून अनवाणीच घाला.